टाकळा: कधी खुडायचा, कसा ओळखायचा, कसा रांधायचा

रानभाज्यांची हौस नव्यानं लागलेली माणसं बहुतेकदा शेवळापासून सुरुवात करतात. काकडं, म्हणजे शेवळाची खाज मारणारी आंबट रानफळं, न घालता ते शिजवतात, घसा खाजवून घेतात आणि मग वर्षभर रानभाजीचं नाव काढत नाहीत. माझं म्हणणं, सुरुवात टाकळ्यानं करा. तो खाजत नाही, त्याच्या जोडीला रानातलं दुसरं फळ शोधावं लागत नाही, आणि त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. गावाबाहेरचं पडीक रान, शाळेच्या मैदानाचा कोपरा, बिल्डरनं पत्रे लावून ठेवलेला रिकामा प्लॉट, कुठेही तो उगवतो.

एकच गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवायची. टाकळ्याचं सगळं त्याच्या वयावर आहे. जूनअखेरीस जी भाजी, तीच सप्टेंबरात गुरंही तोंड लावत नाहीत असं तण होते, आणि डिसेंबरात तिच्या शेंगा फुटल्या की औषधाचं आणि कॉफीचं बी. लोक फसतात ते बहुधा ओळखण्यात नाही, उशीर करण्यात. म्हणून हा लेख झाडाच्या वयाच्या क्रमानंच लिहिला आहे.

आधी नावं

कोकणात आणि ठाणे-पालघरकडे टाकळा, गोव्यात तायखिळो, विदर्भात तरोटा, कुठे कुठे तरवटा. हिंदी मुलखात चकवड किंवा पवाड. काष्ठौषधीच्या दुकानात बी मागायचं असेल तर ‘चक्रमर्द’ म्हटलं तरी कळतं. वनस्पतिशास्त्रात हे सेन्ना टोरा; जुन्या पुस्तकांत कॅसिया टोरा असं सापडेल, झाड तेच.

दोन नावांपासून सावध राहा. देशावर माळरानात जे ‘तरवड’ म्हणतात ते वेगळं. ते चांगलं कमरेएवढं, कधी डोक्याएवढं झुडूप असतं आणि त्याची साल कातडी कमावायला वापरत आले आहेत. आणि ‘रानटाकळा’ किंवा ‘मोठा टाकळा’ असं कुणी म्हणालं तर ते बहुधा कासविंद्याबद्दल बोलत असतात. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

केव्हा आणि कुठे शोधायचा

पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत जमिनीवर दाट हिरवी रोपं दिसू लागतात, एकेकटी नाही, ताटवेच्या ताटवे. कोकणात हे जूनच्या मध्यावर होतं, विदर्भात मान्सून जसा सरकेल तसं थोडं मागे. तिथून तीन-चार आठवडे तुमचे. आषाढ संपता संपता पानं जून व्हायला लागतात आणि श्रावणाच्या मध्यापर्यंत झाड कळ्या धरतं. पाऊस थांबून थांबून पडला तर मागून उगवलेली रोपंही मिळतात, म्हणजे जुलैअखेरीसही एखाद्या सावलीच्या बांधावर कोवळा टाकळा सापडू शकतो. पण त्या भरवशावर राहू नका.

टाकळा एवढा माजतो यामागे एक साधं कारण आहे. गुरं तो खात नाहीत. चराऊ रानात बाकीचं गवत जनावरं ओरबाडून टाकतात आणि टाकळ्याला मोकळी जागा मिळते. म्हणून खूप चरलेलं गायरान दिसलं की तिथे तो असणारच असं धरून चाला.

कुठून घ्यायचा नाही, तेही ठरवून ठेवा:

- हमरस्त्याच्या अगदी कडेचा. धूळ आणि वाहनांचा धूर पानावर बसतो आणि धुतला तरी सगळा जात नाही.
- रेल्वेच्या रुळांलगतचा, नाल्याच्या काठचा, सांडपाणी फिरतं तिथला.
- शेताच्या बांधावरचा, जोवर शेतकऱ्याला विचारलं नाही तोवर. हल्ली बांधावर सर्रास तणनाशक मारतात, आणि फवारल्यावर पहिले काही दिवस झाड टवटवीतच दिसतं. ‘दादा, इथे फवारलंय का?’ एवढं विचारायला काही लागत नाही. वर त्याचंच तण तुम्ही फुकट काढून नेताय, तो हसत हो म्हणेल.
- अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातला. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात टाकळा भरपूर असला तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून झाडपाला काढता येत नाही.

ओळख पटवणं

सकाळी जा. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात; तेव्हा सगळ्या जोड्या हात जोडल्यासारख्या बंद होतात आणि नवख्या डोळ्याला काहीच कळत नाही. सकाळी आठ-नऊला पानं पूर्ण उघडलेली असतात.

एक रोप हातात घ्या आणि या क्रमानं बघा.

पान संयुक्त आहे, म्हणजे एका देठावर लहान लहान पर्णिका जोडीजोडीनं. टाकळ्याला अशा तीन जोड्या, एकूण सहा पर्णिका. टोकाला एकटी सातवी पर्णिका नसते. भुईमुगाचं पान पाहिलेलं असेल तर काम सोपं आहे. ठेवण तशीच, फक्त भुईमुगाला चार आणि टाकळ्याला सहा. अगदी पहिल्या पानांवर कधी दोनच जोड्या असतात, म्हणून रोपाचं दुसरं-तिसरं पान धरा.

मग पर्णिकेचा आकार. देठाकडे निमुळती, टोकाकडे रुंद आणि गोलसर. तीन जोड्यांत सगळ्यात वरची जोडी सगळ्यात मोठी. टोक अणकुचीदार असेल तर तिथेच थांबा, तो टाकळा नाही.

मग देठ उजेडात धरून खालच्या एक-दोन जोड्यांच्या मधोमध बघा. तिथे टाचणीच्या टोकाएवढी, उभट, पिवळसर-नारिंगी गाठ दिसते. पानांच्या जोड्यांमध्ये गाठ, हे लक्षात ठेवा. देठाच्या अगदी बुडाशी असेल तर ते वेगळं झाड.

शेवटी पान चुरडून वास घ्या. उग्र, किंचित घाण वास येतो. पहिल्यांदा हुंगणारा नाक मुरडतो आणि ‘हे खायचं?’ विचारतो. खायचं. फोडणीत पडल्यावर त्या वासाचा मागमूस राहत नाही.

फुलं-शेंगा भाजीच्या दिवसांत नसतात, पण पुढे खात्री करायला उपयोगी पडतात. पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं पानांच्या बेचक्यात, बहुधा दोन-दोन. शेंग वीतभर, बारीक, विळ्यासारखी वाकलेली, आत तांबूस-करडे, तिरपे कापल्यासारखे चकचकीत दाणे. पहिल्या वर्षी एक गोष्ट नक्की करा. जूनमध्ये जिथून भाजी खुडली तिथेच चार झाडं राखून ठेवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत जाऊन त्यांची फुलं-शेंगा पाहा. एकदा पूर्ण चक्र पाहिलं की पुढे जन्मात चूक होत नाही.

जुळी भावंडं: इथे घाई नको

कासविंदा, ज्याला कासोदाही म्हणतात, हा टाकळ्याचा जवळचा नातलग. दोन्ही एकाच पडीक जागी, शेजारी शेजारी उगवतात. फरक असा: कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या, भाल्यासारख्या, टोकाला अणकुचीदार. गाठ देठाच्या बुडाशी, खोडाला चिकटून. झाड उंच, छातीपर्यंत जाणारं. शेंगा चपट्या, वर तोंड करून उभ्या, कडा फिकट.

कासविंद्याचा कोवळा पाला काही भागांत खातात, त्याच्या बियांची कॉफीही करतात. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हे चाललंय त्यांनी करावं. नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि कच्च्या शेंगा-बिया तर मुलांच्या हाती लागूच देऊ नयेत. पश्चिम उत्तर प्रदेशात दर थंडीच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं उपचार चालले. बिजनौर-सहारनपूर भागातल्या डॉक्टरांनी खेळताना मुलांनी काय खाल्लं याचा माग काढला, तेव्हा बोट कासविंद्याच्या बियांकडे गेलं. 2007 च्या सुमारास हे संशोधन प्रसिद्ध झालं. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर ते विष चालतं. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत मुलांचे मृत्यू झाले तेव्हाही तपासात जपानी मेंदूज्वराबरोबर याच झाडाचं नाव पुढे आलं. घाबरवायला हे सांगत नाही. पण ‘रानातलं म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्याला ही गोष्ट सांगा.

दुसरं भावंड पठारावर, पुणे-सोलापूर ते धारवाडपर्यंत रस्त्यांच्या कडेला दिसतं: सेन्ना युनिफ्लोरा. हे मूळचं अमेरिकेतलं. सगळं झाड केसाळ, हात फिरवला की मऊ लव लागते, आणि शेंगा आखूड, सरळ, बेचक्यात घोसानं. हे खायचं नाही. मात्र त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. पुण्यात 1950 च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजरगवत या झाडाच्या दाट वाढीपुढे मागे हटतं. टाकळाही पावसाळ्यात तेच काम करतो. तणानं तण मारायचं, एवढाच तो कार्यक्रम.

खात्री होत नसेल तर सोडून द्या. भाजी उद्याही मिळेल.

खुडणं

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा: वरची तीन-चार पानं आणि कोवळी दांडी, नखानं सहज तुटेल एवढीच. नख लावल्यावर दोरा निघाला तर दांडी जून झाली, फक्त पानं घ्या. शेंडा खुडला की बगलेतून नवे फुटवे येतात आणि आठवड्यानं त्याच झाडावरून पुन्हा भाजी मिळते. उपटून न्यायची असेल तर दाटीतली रोपं उपटा, विरळणीही होते. पण मुळांना माती फार असते, पिशवीत सगळ्या भाजीला लागते आणि धुताना जीव जातो.

कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकमध्ये ओला टाकळा दोन तासांत घामेजतो.

पानाच्या मागची बाजू बघायची सवय लावा. छोटी पिवळी फुलपाखरं याच पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या हुबेहूब पानाच्या रंगाच्या, शिरेला समांतर चिकटून बसतात. अळी असलेला शेंडा तसाच झाडावर राहू द्या. टाकळा एवढा असतो की दोघांना पुरून उरतो.

किती घ्यायचा? शिजल्यावर तो बसतो. डोंगराएवढा वाटणारा ढीग कढईच्या तळाला जातो. चार माणसांना निवडलेली पानं पाव किलो लागतात, म्हणजे खुडताना अर्धा किलो धरा.

बाजारातून घेत असाल तर

शहरात राहणाऱ्यांना हाच मार्ग बरा, आणि त्यात कमीपणा काही नाही. जून-जुलैत दादर, ठाणे, कल्याण स्टेशनांबाहेर कर्जत, मुरबाड, शहापूर, पालघरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. सकाळी लवकर जा. वाटा किंवा जुडी असते. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव बहुतेक 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या आसपास असतात; ते बघायला, ओळखी करून घ्यायला उत्तम, पण टाकळा तोवर उतरणीला लागलेला असतो. तिथे कुर्डू, भारंगी, कवळा पाहा.

जुडी सोडवून बघा. आत कळी दिसली तर माल जून. पानं काळपट पडली असतील तर कालची जुडी. आणि विकणाऱ्या मावशींना विचारा, ‘तुम्ही घरी कशी करता?’ त्या जे दोन वाक्यांत सांगतात ते यूट्यूबच्या वीस मिनिटांत सापडत नाही. रेट पाडून मागू नका. पहाटे रानात जाऊन, पहिली लोकल पकडून आणलेला तो माल आहे.

निवडणं आणि धुणं

पर्णिका देठावरून उलट्या दिशेनं ओरबाडल्या की एका झटक्यात सहाच्या सहा हातात येतात. कोवळे शेंडे अख्खेच घ्या. मधला देठ चिवट असतो, तो टाकून द्या. हा आळस केला तर भाजी चघळत बसावी लागते.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, वरच्यावर काढून घ्या. पाणी ओतून पानं गाळू नका, तळाची माती परत पानांवर येते. असं तीनदा. मग चाळणीत निथळत ठेवा आणि बारीक चिरा.

उकडून पाणी टाकायचं की नाही, यावर घराघरांत वाद आहेत. माझं मत: खरंच कोवळा असेल तर गरज नाही, उलट चव जाते. जरा निबर असेल, किंवा घरात पहिल्यांदाच खाणारे असतील, तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून पिळून घ्या. तुरटपणा आणि कडवटपणा दोन्ही उतरतात, आणि पोटालाही ते पाणी सोसतंच असं नाही.

कोकणी पद्धतीची भाजी

पाव किलो निवडलेला, चिरलेला टाकळा. दोन मध्यम कांदे, बारीक चिरून. चार-पाच लसूणपाकळ्या ठेचून. तीन हिरव्या मिरच्या. आठ-दहा आठळ्या. पाव वाटी ओलं खोबरं. दोन मोठे चमचे तेल. मीठ, आणि सुपारीएवढा गूळ.

आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया. मे महिन्यात फणस फोडले की त्या माती लावून किंवा नुसत्या वाळवून ठेवलेल्या असतात आणि टाकळा उगवतो तेव्हा त्यांचा खरा उपयोग होतो. वरचं पांढरं टरफल काढून, मीठ घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या, आणि मग तुकडे करा. आतलं तपकिरी साल राहिलं तरी चालतं. आठळ्या नसतील तर भिजवलेली मूगडाळ किंवा चणाडाळ घ्या. काहीच न घालता करू नका; टाकळ्याच्या तुरटपणाला सोबत म्हणून काहीतरी पिठूळ लागतं.

तेलात लसूण तांबूस करा, मिरच्या टाका, मग कांदा. कांदा लाल करायचा नाही, पारदर्शक झाला की पुरे. टाकळा घाला आणि मोठ्या आचेवर एकदा खालीवर करा. आता झाकण ठेवून झाकणावर पाणी घाला आणि आच मंद करा. पाच-सात मिनिटांत पानं मऊ होतात. मीठ याच वेळी घाला, आधी नाही. भाजी बसण्याआधी मीठ टाकलं की हमखास खारट होते. आठळ्या, गूळ, खोबरं घालून आणखी दोन मिनिटं. पाणी राहिलं असेल तर झाकण काढून आटवा. भाजी सुटी हवी.

गरम तांदळाची भाकरी. बस.

गोव्यात साधारण हीच भाजी खोबरं अंमळ सढळ हातानं घालून करतात, आठळ्यांना तिथे बिकणां म्हणतात. विदर्भात तरोट्याला भिजवलेली चणाडाळ, दुप्पट लसूण आणि सुकी लाल मिरची, सोबत ज्वारीची भाकरी. गूळ-खोबऱ्याचं नाव काढलंत तर हसतील. आदिवासी पाड्यांवर सुका जवळा घालून केलेली भाजी मिळाली तर नाही म्हणू नका. जवळ्याचा खारा वास आणि टाकळ्याचा तुरटपणा यांचं फार जमतं.

पानं थोडी जास्त निबर निघाली तर वड्या करा. चिरलेली पानं, त्यात मावेल तेवढं बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, आलं-मिरची, तीळ, हळद, मीठ, आणि थोडं चिंचेचं पाणी. कोथिंबीरवडीसारखं उकडून, गार करून, कापून तळायचं. मुलं टाकळा खायला शिकतात ती बहुधा याच वाटेनं.

पहिल्यांदा खाताना

वाटीभरच खा. टाकळ्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं आहेत, सोनामुखीच्या पानांत असतात त्याच कुटुंबातली, आणि ती पोट साफ करतात. सवय नसलेल्यानं दोन वेळा ताटभर खाल्ला तर दुसऱ्या दिवशी कळतं. जुलाब चालू असतील, गर्भारपण असेल, तर खाऊ नका. आधीच कोठा साफ करणारी औषधं घेत असाल तर डॉक्टरांना विचारा. कच्ची पानं सॅलडमध्ये घालायची आधुनिक कल्पना सुचली तर ती टाळा.

पानांत कॅल्शियम, लोह, बीटा कॅरोटिन चांगलं असतं. पण मोबाइलवर फिरणारे ‘शंभर रोगांवर एक टाकळा’ छापाचे संदेश वाचून मधुमेहाची गोळी बंद करू नका. पावसाळ्यात बाजारातली पालेभाजी महाग आणि सडकी असते, तेव्हा पंधरा-वीस दिवस रानातून ताजा पाला मिळतो. पूर्वापार लोकांनी तो खाल्ला तो यासाठी.

बी: दाद-खरजेवरचा उपाय

नोव्हेंबर-डिसेंबरात शेंगा तपकिरी होतात. फुटून दाणे उडायच्या आत कापून चटईवर वाळवा, काठीनं झोडपा, पाखडा. ओल राहिली नाही तर बरणीत वर्षभर टिकतं.

आयुर्वेदाच्या निघंटूंत, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांत, या झाडाची ख्याती आहे ती दादेवर, म्हणजे गजकर्णावर. घरोघरी चालणारा प्रकार असा: दोन चमचे बी रात्रभर आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात भिजवायचं, सकाळी पाट्यावर गंधासारखं वाटायचं, आणि चट्ट्यावर पातळ लेप द्यायचा. वाळला की धुवायचा. यामागे नुसती समजूत नाही. बियांतल्या क्रायसोफॅनॉलसारख्या द्रव्यांना बुरशीविरोधी गुण आहे.

तरीही तीन अटी. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर बघा, कारण याच द्रव्यांनी काहींची कातडी भाजल्यासारखी होते. चेहरा, जांघ, चिघळलेली जागा आणि लहान मुलं वर्ज्य. आणि आठवड्याभरात फरक नसेल, चट्टे पसरत असतील, किंवा घरात दुसऱ्यालाही झालं असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची दाद फार चिवट झाली आहे. त्याला एक कारण मेडिकलमधून परस्पर घेतलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. तशी मलमं लावून मग टाकळ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बी: कॉफी

बी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. तडतडायला लागलं की सतत हलवा, गडद तपकिरी आणि खमंग झालं की उतरवा, गार करून मिक्सरला जाडसर दळा. एका कपाला एक चमचा, पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळायचं, हवं तर दूध-गूळ. कॉफीची तल्लफ भागेल असं नाही, कारण कॅफिन त्यात नसतंच. पण भाजलेल्या धान्यासारखी चव येते आणि रात्री झोप उडत नाही. भाजल्यानं बियांचा रेचकपणाही बराच कमी होतो, म्हणून अर्धवट भाजलेलं दळू नका. चीन, कोरियात याच जातकुळीच्या भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा पितात. रोज कपावर कप मात्र नको. आणि इथे बी कासविंद्याचं नाही ना, हे शेंगेवरूनच पक्कं करा. नुसते दाणे समोर आले तर नवख्यानं घेऊ नये.

या बियांना बाजारही आहे. आतल्या गरापासून कॅसिया गम काढतात. तो कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी जातो. तमिळनाडूकडे नैसर्गिक निळीचा रंग आंबवताना हेच बी उकडून हौदात घालायची जुनी रीत आहे. आपण तणनाशक मारतो त्या झाडाचे असे उद्योग!

कुंडीत लावायचा असेल तर

गच्ची असेल तर सोपं. बियांचं कवच कडक असतं, नुसतं पेरलं तर निम्मं बी महिनोन् महिने ढिम्म पडून राहतं. पॉलिश पेपरवर हलकं घासा, नाहीतर गरम पाणी ओतून रात्रभर भिजवा. मे अखेरीस पसरट कुंडीत दाट पेरा, वर बोटाच्या पेराएवढी माती. खत नको, ऊन हवं. वीतभर झाला की खुडत राहा. शेंगवर्गातलं झाड आहे म्हणून माती सुपीक करेल अशी आशा ठेवू नका. मटकी-चवळीसारख्या नत्राच्या गाठी याच्या मुळांवर धरत नाहीत.

फुलं दिसली की कुंडी उपटून टाका, बी धरलेलं झाड कंपोस्टमध्ये घालू नका. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं, आणि मग शेजारच्यांच्या गुलाबाच्या कुंडीतही तुमचाच टाकळा.

परदेशातल्या मंडळींनी आईला बी पाठवायला सांगू नये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडनं टाकळ्याला उपद्रवी तण म्हणून बंदीच्या यादीत टाकलं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याची जुळी बहीण, सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया, सोयाबीनच्या शेतकऱ्यांना रडकुंडीला आणते. त्यापेक्षा जूनमध्ये सुट्टीवर या. येणं जमत नसेल तर घरच्यांना सांगून पाला खुडून घ्या, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा, पिळून गोळे करा आणि फ्रीजरला टाका. गणपतीला आलात तरी भाजी होईल, फक्त आठळ्याही राखून ठेवायला सांगा.